काचेवरचे ठोके

गोंदिया जिल्ह्यात पायलट दोन प्रकारचे. एक बिरसीच्या विमानतळावर विमान उडवायला शिकतात. ते धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालायला लागले की पोरंसोरं माना मोडेस्तोवर वर बघतात. दुसरे एकशे आठ नंबरची रुग्णवाहिका चालवतात. त्यांनाही कागदोपत्री पायलटच म्हणतात. हे नाव कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे, पण देणाऱ्याने नावच तेवढं वरचं दिलं, बाकी पगारापासून पांघरुणापर्यंत सगळं ड्रायव्हरचंच ठेवलं. दुर्गेश परशुरामकर हा दुसऱ्या प्रकारचा पायलट.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं बोरीटोला हे त्याचं गाव. गावाच्या डोक्यावर तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं ते ठरवणारे दुर्गेशचे वडील केशोराव. परशुरामकरांच्या घरात पिढ्यानपिढ्या तलावाचंच काम. दुर्गेशला मात्र लहानपणापासून चाकाचं वेड. आधी ट्रॅक्टर, मग काळीपिवळी, आणि मग एकशे आठ. अर्जुनीहून साकोलीकडे, गोंदियाकडे जाणारे सगळे रस्ते त्याला तळहातासारखे पाठ. साप चावलेले, विष प्यालेले, मोटारसायकलवरून ट्रकखाली गेलेले, अडलेल्या बाया, सगळ्यांना त्याने वाहिलं. गाडी दारात आली की लोक म्हणायचे, दुर्गेश आला, आता काही काळजी नाही. माणूस सडपातळ, बोलायला तोडका. चहा तो गरमच घशाखाली ओतायचा, कारण निवायची वाट बघत बसलं की फोन हमखास येतो.

त्याच्या गाडीतली एक रीत इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. गाडीत चालक पुढे, पेशंट आणि डॉक्टर मागे, आणि मध्ये एक काच. सायरन लागला की मागची हाक पुढे ऐकू येत नाही. म्हणून दुर्गेशने आणि त्याच्या पाळीवरच्या डॉक्टर पुष्पांजली बिसेन यांनी ठोक्यांची बोली ठरवून घेतली होती. काचेवर एक ठोका म्हणजे हळू चालव, सलाईन लावायचं आहे. दोन ठोके म्हणजे पळव. तीन ठोके म्हणजे आता घाई नको. तीन ठोके पडले की दुर्गेश पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद उचलायचा, पण सायरन बंद करायचा नाही. कारण मागच्या बाकावर घरची माणसं बसलेली असतात, त्यांना अजून काही कळलेलं नसतं, आणि दवाखान्याच्या आधी ते कळवायचा अधिकार कोणालाच नसतो.

श्रावणातल्या एका दुपारी एक बाळंतीण गाडीत होती. बाळ घरीच झालं होतं, ठणठणीत होतं, पण बाईचं रक्त थांबत नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्याने हात टेकले आणि गोंदियाला न्या म्हणून सांगितलं. सोबत तिची सासू. दुर्गेशने गाडी काढली ती वाऱ्यासारखी पळवली, आणि रेल्वेफाटकाशी येऊन ती थांबली. फाटक बंद. मालगाडी यायची होती, ती आली, आणि संपता संपेना. कोळशाचा डबा, त्यामागे कोळशाचा डबा. तेवढ्यात मागून काचेवर दोन ठोके पडले. ते मॅडमचे नव्हते. मॅडमचा हात हलका होता. हे ठोके सासूचे होते. तिला बोलीबिली काही माहीत नव्हती, तिने आपली काच बडवली. दोन. पुन्हा दोन. दुर्गेशने मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो फाटकाकडे बघत राहिला. वळून तिला सांगायचं काय? तिसऱ्यांदा दोन ठोके पडले, मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग मॅडमचे तीन.

मग फाटक उघडलं. सायरन चालू ठेवून दुर्गेशने गाडी हळू पलीकडे काढली.

असल्या कामात हे होतंच, असं सगळे म्हणाले. त्यालाही तसंच वाटलं. पण पंधरवड्याने तो घरी जेवायला बसला असताना पाठीमागे काचेवर दोन ठोके पडले. तो ताटावरून उठला. मागे भिंत होती. तेव्हापासून ते ठोके त्याच्या मागे लागले. चहा पिताना, आंघोळीला बसल्यावर, पोटच्या पोरीला सायकलवर बसवून नेताना. दोन ठोके. पळव. आता पळवायचं काय, तर समोर काहीच नाही. पाय मात्र हलायचा. बाजेवर बसला तरी उजवा पाय जमीन दाबत राहायचा. रातपाळी करून घरी यायचा आणि दिवसा झोपायचं सोडून तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, फेऱ्या मारायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. बांधीत निंदण करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघायच्या. घरात तो कुठेही बसला तरी पाठ भिंतीला लावून बसायचा. एकदा त्याने बसल्या जागेवरून उठून शोकेसची काच काढली आणि गुरांच्या कोठ्यात नेऊन ठेवली. त्याच्या बायकोला, नीतूला, त्याने विचारूनही दिलं नाही.

नीतू गावच्या अंगणवाडीत मदतनीस. तिच्या तोंडाला कुलूप नसतं, पण नवऱ्याच्या बाबतीत तिने महिनाभर कळ सोसली. मग एके दिवशी त्याच्या हातातून चहाचा कप काढून घेतला आणि म्हणाली, "तुमी बसून काऊन नाही राहात? तुमाले काही होऊन राहिलं का नाही, ते सांगा. नाही तं मी मॅडमले जाऊन इचारतो."

मग त्याने सांगितलं. ठोके, सासू, फाटक, सगळं. सांगून झाल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं, पण त्याला लाजच वाटली. नीतूला मात्र धीर आला, कारण बिमारीचं नाव कळलं की बाईमाणूस निम्मी वाट चालून जाते. तिने त्याच्या खिशातलं विम्याचं कार्ड काढलं. ठेकेदार कंपनीने सगळ्या चालकांचा विमा काढला होता आणि तशी कार्डं प्लास्टिकमध्ये घालून वाटली होती. तिने कार्डावरचा नंबर फिरवला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. ती म्हणाली, हो मॅडम, मानसिक आजार पॉलिसीत बसतो. नीतूने कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. मग ती मुलगी पुढे म्हणाली, पण भरती व्हावं लागेल. डॉक्टरकडे जाऊन येणं, बोलणं, गोळ्या आणणं, हे बसत नाही. माणूस दवाखान्यात आडवा झाला तरच विमा उभा राहणार.

बरं, व्हावं भरती. तर दुर्गेशने कंपनीच्या सुपरवायझरला सहज म्हणून विचारलं, दुसऱ्याच कोणाच्या नावाने. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं की डोक्याच्या वॉर्डात भरती झालेल्या माणसाच्या हाती रुग्णवाहिका देता येत नाही. तो माणूस ठीक आहे असा डॉक्टरचा दाखला येईपर्यंत स्टिअरिंग बंद, आणि तोवर जागा रिकामी थोडीच ठेवतात. म्हणजे विम्यासाठी वेडं ठरायचं आणि नोकरीसाठी शहाणं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच. ड्युटीवर पाय मोडला असता तर ह्याच कार्डावर पाय बसवून मिळाला असता, कंपनीचा साहेब नारळपाणी घेऊन भेटायला आला असता. मन मोडलं तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे ठरवायलाच माणसं बसलेली नाहीत. दुर्गेशला त्या दिवसांत पाय मोडलेल्या माणसांचा खराखुरा हेवा वाटायचा.

त्याला एकच हवं होतं. ठोके थांबावेत आणि गाडी हातची जाऊ नये. त्या दोन्ही गोष्टी एकदम मिळतील असा रस्ता त्याला दाखवला छोटेलालने. हा गोंदियाचा गडी, एका खाजगी दवाखान्याच्या दारात उभा असायचा आणि सगळ्या रुग्णवाहिकांचे चालक त्याला नावाने ओळखायचे. त्याचा धंदा काय हे कोणी सांगू शकत नव्हतं, पण त्याच्यावाचून कोणाचं अडलं नाही असंही होत नव्हतं. छोटेलालने दुर्गेशचं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "अरे भाऊ, टेंशन कायको लेते? डेंगू लिखवा देते हैं. चार दिन आराम से सोओ, नींद का इंजेक्शन, और कार्ड पे सब माफ. डेंगूवाले को कौन पागल बोलता?"

गोष्ट बिनतोड होती. दुर्गेश डेंग्यूचा पेशंट म्हणून भरती झाला. सलाईन लागलं, झोपेचं इंजेक्शन मिळालं, आणि महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा तो मेल्यासारखा झोपला. मनाचा डॉक्टर संध्याकाळी येऊन जाईल असं छोटेलालने म्हटलं होतं. तो काही आला नाही, आणि दुर्गेशनेही विचारलं नाही. चार दिवसांनी तो घरी आला तेव्हा चेहरा उजळला होता. नीतूला आत कुठेतरी खटकत होतं, पण झोपलेला नवरा बघून तिने दार हलकेच लोटून घेतलं.

गावात डेंग्यूचं नाव मोठं. माणसं भेटायला येऊ लागली. कोणी बकरीचं दूध आणलं, कोणी पपईच्या पानांचा रस. त्या रसाची कडू चव ज्याने घेतली त्यालाच माहीत. आणणारी माणसं समोर उभी राहून शेवटच्या थेंबापर्यंत पाजायची आणि पेशी वाढल्या का म्हणून विचारायची. दुर्गेश तोंड वेडंवाकडं करून वाढल्या म्हणायचा. दोन दिवस हसण्यावारी गेले. तिसऱ्या दिवशी पपईचा पेला तोंडाला लावलेला असतानाच पाठीमागे काचेवर दोन ठोके पडले. सुईने आणलेली झोप सुईबरोबरच संपली होती.

आता चूक कुठे झाली ते ऐका. दहा-अकरा वर्षं दवाखान्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या छोटेलालने ही चूक करावी यातच तिची गंमत आहे, आणि दुःखही. डेंग्यूचा पेशंट सापडला की दवाखान्याला तो सरकारला कळवावा लागतो. छोटेलालला वाटलं कोण कळवतो. पण त्या दवाखान्यात संगणकावर नवी मुलगी बसली होती, तिने जे शिकवलं होतं ते केलं. नाव, गाव, आजार. आणि दुर्गेश घरी आल्याच्या चौथ्या दिवशी बोरीटोल्यात हिवताप विभागाची गाडी येऊन उभी राहिली.

मग गावाची जी दैना झाली! गावची आशाताई रुख्मा घरोघर फिरून ताप विचारू लागली, पोरांची बोटं टोचून रक्त घेऊ लागली. तिने भात शिजवायला घरी जाणंही सोडलं. धूर सोडणारं यंत्र गल्लीबोळांतून फिरलं, कोंबड्या झाडावर चढल्या. आणि मग फर्मान निघालं की उद्या कोरडा दिवस, सगळ्यांनी टाक्या, रांजण, हौद रिकामे करून घासायचे. धान निसवला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या, बाया बांधीच्या कामाला लागल्या होत्या. सगळं टाकून गाव भांडी पालथी घालत बसलं. तलावात गप्पी मासे सोडायला लोक आले. मग केशोराव पारीवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, तलावातलं पाणी डासाने बिघडत नाही, त्याच्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे आधीपासून आहेत. पण ऐकतो कोण. दुर्गेश घराच्या ओट्यावर पाठ भिंतीला लावून हे सगळं बघत होता. उजवा पाय जमीन दाबत होता. तोंड उघडायचं आणि खरं सांगायचं, एवढंच काम होतं. पण खरं सांगितलं की क्लेम गेला, नोकरी गेली, आणि वेड्याची चिठ्ठी कपाळावर. तो उठला आणि पारीकडे चालू लागला.

तोवर पारीवरून घरी परतलेल्या केशोरावांनी त्याला जाताना पाहिलं. पंचाहत्तरीचा माणूस, अंगात बंडी, कमरेला धोतर. पाण्याच्या कामात सगळं गाव त्यांचा शब्द मानायचं. स्लॅबवर पाण्याची टाकी होती. नीतू म्हणाली, बाबाजी, मी चढतो. त्यांनी ऐकलं नाही. "आपल्या घरून बिमारी निंगाली गावात," ते म्हणाले, "तं टाकी पैले आपलीच कोरडी व्हाले पायजे." शिडी लावून ते चढले, टाकी घासली, पालथी केली, आणि उतरताना ओल्या पायाखालून शिडीची पायरी निसटली.

नीतूची हाक पारीवर ऐकू गेली. ही एक हाक तरी खरी होती. दुर्गेश धावत आला तेव्हा बाप अंगणात पडला होता आणि एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. दुर्गेशने खिशातून फोन काढून एकशे आठ लावला. आयुष्यात पहिल्यांदा. पलीकडच्या मुलीने गावाचं नाव विचारलं तेव्हा त्याला ते चटकन आठवेना.

गाडी आली ती त्याचीच. चालवणारा ओमेश होता, दुर्गेशच्या जागी बदलीवर आलेला, पंचविशीचा, हात साफ पण रस्त्याची ओळख नाही. मागून पुष्पांजली मॅडम उतरल्या. त्यांनी केशोरावांचा पाय फळीला बांधला, दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन दिलं, खुबा मोडला असावा म्हणाल्या. गोंदियाला न्यावं लागणार. दुर्गेश सवयीने पुढे गेला आणि ड्रायव्हरच्या दाराला हात घातला. आत ओमेश बसलेला. मग तो मागे आला आणि मागच्या बाकावर बसला, जिथे घरची माणसं बसतात.

इतक्या वर्षांत तो त्या बाकावर कधी बसला नव्हता. तिथून बाहेरचं काहीच दिसत नाही. खिडकीच्या काचा दुधी. कुठे आलो, किती राहिलं, गाडी का हळू झाली, काही कळत नाही. दिसते ती समोरची काच आणि काचेपलीकडे चालकाची मान. ओमेशच्या मानेवर केस नुकतेच कापलेले होते. ओमेशने दोन खड्डे चुकवले नाहीत आणि केशोराव विव्हळले. दुर्गेशने काचेवर एक ठोका दिला. मॅडमनी ओमेशलाही ती बोली शिकवली होती. गाडी हळू झाली. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं.

मग गाडी थांबली. दुर्गेशला थांबण्याच्या तऱ्हेवरूनच कळलं, फाटक. आणि मालगाडीचा आवाज आला. डबा, डबा, डबा. बापाचा हात त्याच्या हातात होता, गार, घामेजलेला. मोडक्या खुब्याने माणूस फाटकाशी मरत नाही हे त्याला माहीत होतं. फाटक बंद असताना गाडी जात नाही हेही त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी त्याचा दुसरा हात आपोआप उठला आणि काचेवर दोन ठोके पडले. ओमेश वळला नाही. मान तशीच. दुर्गेशने पुन्हा दोन ठोके दिले. त्याला काय हवं होतं? गाडी पळवायची नव्हती. ती पळणार नव्हतीच. त्याला एवढंच हवं होतं की त्या मानेला तोंड असावं, आणि ते एकदा मागे वळावं, आणि म्हणावं की हो, मीही अडकलोय, मलाही दिसतंय.

"दुर्गेशभाऊ," मॅडम हळूच म्हणाल्या, "फाटक बंद आहे."

त्याचा हात काचेवरच राहिला. गाडीत दहाबारा पेशंट दगावल्यावरही जो माणूस रडला नव्हता तो हुंदके देऊन रडायला लागला. मॅडमनी त्याला रडू दिलं. मग तो म्हणाला, "मॅडम, मले डेंग्यू नवता."

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "डेंग्यूतून उठलेला माणूस दिवसभर पारीवर नाही फिरत. मी पण त्या बाळंतिणीच्या दिवसापासून मागच्या बाकाकडे पाहत नाही. घरी कोणाले सांगतलं नाही."

तोवर इंजेक्शनने केशोरावांना ग्लानी आली असेल असं दोघांना वाटलं होतं. ते जागे होते. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, मग काय झालं होतं. दुर्गेशने सांगितलं. या वेळी जोडून-तोडून नाही, पहिल्या ठोक्यापासून छोटेलालपर्यंत सरळ सांगितलं. ऐकताना म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुखण्याच्या की रागाच्या ते कळेना. मग ते म्हणाले, "पारीले भेग पडली आणि कोनी वरून माती लिपली, तं मी त्याले काय म्हनतो?"

"शिव्या देता."

"कायले देतो? लिपली का भेग दिसत नाही, अन् पानी आतून खात राह्यते. भेग खोदा लागते बाबू. आणखी मोठी करा लागते, मंग भरा लागते. खोदताना पार जास्तच फुटल्यावानी दिसते. त्याले इलाज नाही."

फाटक उघडलं. गाडी निघाली.

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात केशोरावांना हाडांच्या वॉर्डात घेतलं. त्यांचं आटोपल्यावर दुर्गेश खाली केसपेपरच्या खिडकीशी परत गेला आणि दुसरा पेपर काढला. खिडकीतल्या माणसाने कुठला विभाग विचारलं. मागे रांग होती, रांगेत बोरीटोल्याच्या शेजारच्या गावचा एक ओळखीचा माणूसही होता. दुर्गेशने घसा खाकरून सांगितलं, मनोविकार. ओळखीच्या माणसाने मान दुसरीकडे वळवली. सांगितल्यावर आभाळ कोसळलं नाही, पण पुढच्या दिवसांत जे कोसळायचं ते कोसळलंच.

त्याने रुख्माला फोन करून खरं सांगितलं. रुख्मा जी कडाडली ती अर्धं गाव ऐकत राहिलं, आणि तिला कोणी नावं ठेवू नयेत, कारण सुई टोचून घेणाऱ्या पोरांच्या आया तिलाच बोलल्या होत्या. पपईचा रस पाजलेल्या माणसांना आपण फसलो याचा राग जास्त की हसू जास्त ते कळेना. काही जण दुर्गेशशी बोलेनासे झाले. काही जण उगीच गोड बोलू लागले, जे जास्त बोचतं. छोटेलाल फोन उचलेना. डेंग्यूचा क्लेम दुर्गेशने स्वतःच मागे घेतला, आणि दवाखान्याचं बिल नीतूच्या डोरल्यावर निघालं. कंपनीच्या सुपरवायझरने ठरल्याप्रमाणे स्टिअरिंग बंद केलं आणि म्हणाला, तुला खरं सांगायची काय गरज होती रे, मी तर काही विचारलं नव्हतं. विम्याच्या गोड आवाजाच्या मुलीने पुन्हा सांगितलं की डॉक्टरशी बोलणं आणि गोळ्या पॉलिसीत बसत नाहीत. नीतूने या वेळी देवाला नमस्कार केला नाही. ती म्हणाली, बाई, तुह्या पॉलिसीत माह्या घरवाल्याचा पायच तेवढा बसते, माणूस बसत नाही. आणि फोन ठेवला.

सरकारी डॉक्टर तरुण होता, हिंदी-मराठी मिसळून बोलायचा. त्याने गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलावलं, ठोक्यांचं सगळं ऐकून घेतलं. एकदा त्याने विचारलं, ठोके पडले की तुम्ही काय करता? दुर्गेश म्हणाला, काही नाही, समोर बघतो. डॉक्टर म्हणाला, आता पडले की मागे वळून बघा. दुर्गेशला ते इतकं सोपं वाटलं की त्याने ते मनावर घेतलं नाही.

काम नव्हतं तरी तो रोज सकाळी अर्जुनीच्या दवाखान्याजवळ, गाडी उभी राहते तिथे जायचा. दाखला कधी मिळणार ठाऊक नव्हतं, आणि दाखला मिळाल्यावर गाडी मिळेल का हेही. बसायचा, उठायचा, टायरला हात लावायचा, पुन्हा बसायचा. ओमेशला सुरुवातीला अवघड वाटायचं. त्याची जागा आपण घेतली असं त्याला वाटे, आणि ते खरंही होतं. एके दिवशी ओमेश काचा पुसत होता. मधली काच पुसता पुसता तो थांबला आणि त्याने विचारलं, भाऊ, त्या दिवशी फाटकापाशी तुम्ही दोन ठोके काऊन दिले होते? मी तं घाबरलो. पळवू कुठं?

दुर्गेश उठून उभा राहिला. उजवा पाय हलत होता, पण त्याने हलू दिला.

"फाटक बंद असलं ना," तो म्हणाला, "तं एकदा मागे वळून पायजो. काही सांगू नोको. सांगाले काही नसते. नुसतं तोंड दाखवजो."

"बस?"

"बस. मागचे लोक गाडी पळवाले नाही मारत काच."

ओमेशला फोन आला. तो चहाचा अर्धा कप तसाच ठेवून गाडीत चढला, मॅडम मागे चढल्या, सायरन लागला आणि गाडी कोपऱ्यावरून वळून गेली. दुर्गेश रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. आवाज पुरता विरायच्या आतच पाठीमागे दोन ठोके पडले. त्याची मान ताठ झाली, हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे आले. मग त्याने ते खाली घेतले आणि तो मागे वळला.

मागे दवाखान्याची भिंत होती, भिंतीशी भाजीवाल्या बाया बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने त्याच्याकडे पाहिलं आणि काय पाहिजे म्हणून विचारलं. दुर्गेश म्हणाला, काही नाही मावशी, पाहून राहिलो.